जुने रॅक, नवे रॅक आणि एक मीटरची पट्टी

दादाचं म्हणणं एका वाक्यात मावत होतं. "लोखंड ते लोखंड. त्यात जुनं काय नि नवं काय?"

माझं म्हणणं मलाच नीट मांडता येत नव्हतं. नवे रॅक घ्यावेत असं आतून वाटायचं, पण का, असं विचारलं की माझ्याकडे "निर्धास्त वाटतं" यापलीकडे उत्तर नसायचं. आणि धंद्यात दादासमोर "वाटतं" हा शब्द काढायची सोय नाही. तो लगेच कॅल्क्युलेटर पुढे सरकवतो.

आमचा धंदा पंप आणि मोटरींच्या सुट्या भागांचा. माल जड, खोकी लहान, आणि जुन्या गोडाऊनमध्ये सगळं जमिनीवर एकावर एक रचलेलं. खालच्या पॅलेटवरचं, म्हणजे माल रचायच्या लाकडी तळावरचं, काही हवं असलं की वरचं उतरवायचं, आणि उतरवलेलं ठेवायला जागा शोधायची. मोठी जागा भाड्याने मिळाली तेव्हा छत 7 मीटर उंच आहे हे बघून आम्ही दोघंही खूश झालो. रॅक लागणार हे तेव्हाच ठरलं. जागेचा ताबा सात आठवड्यांनी मिळणार होता. नव्या रॅकचं पहिलं कोटेशन आलं त्यात लिहिलं होतं, ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून नऊ आठवडे. त्याच आठवड्यात दादाला कुणीतरी सांगितलं की अमुक एकाकडे उतरवलेले रॅक पडून आहेत, उद्या उचला.

आकड्यांचं बोलायचं तर नव्या कोटेशनचे 100 धरले तर हा जुना माल 45 मध्ये मिळत होता. दादाच्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

विकत घेण्याआधी आम्ही एक काम बरं केलं होतं. आपल्याला नेमकं काय ठेवायचंय ते मोजलं होतं. आमचं पॅलेट 1200 बाय 1000 मिमी. मालासकट उंची 1400च्या आत, वजन बहुतेक वेळा 700-800 किलो, पण कास्टिंगचे भाग असले की 1000ला टेकतं. रॅक म्हणजे दोन-दोन खांबांच्या उभ्या फ्रेम्स आणि त्यांना जोडणारे आडवे बीम, ज्यांच्यावर पॅलेटं टेकतात. दोन फ्रेम्समधली खालपासून वरपर्यंतची जागा म्हणजे एक कप्पा. कप्प्याच्या दर मजल्यावर दोन पॅलेटं, 1000ची बाजू समोर. दोन्ही बाजूंना आणि मध्ये शंभर-शंभर मिमी मोकळे सोडले की बीमची लांबी येते 2300. पॅलेट आत 1200 जातं आणि पुढे-मागे पन्नास-पन्नास मिमी बीमच्या बाहेर राहायला हवं, म्हणून फ्रेमची खोली 1100. एक रांग जमिनीवर आणि वर बीमचे तीन मजले. 1400चा माल, वर उचलायला 100ची मोकळीक, बीमची जाडी 120, म्हणजे 1620. बीम अडकवायच्या खांबावरच्या खाचा 50 मिमीच्या अंतरावर असतात म्हणून 1650. दहा-दहा कप्प्यांच्या चार ओळी, एकूण 40 कप्पे, 320 पॅलेटांची जागा. नव्या कोटेशनसाठी हे सगळं काढून द्यावंच लागलं होतं. जुन्या मालाच्या वेळी हे कुणी विचारतच नाही, हे पुढे कळलं.

त्या व्यापाऱ्याच्या आवारात आम्ही गेलो तेव्हा फ्रेम्स आडव्या रचून ठेवल्या होत्या, सगळ्या कोऱ्या निळ्या रंगाच्या. दादा माझ्याकडे बघून हसला. "मॅडम, माल बघा, एकदम नव्यासारखा," व्यापारी म्हणाला. साठ फ्रेम्स होत्या, बीम अडीचशेच्या वर. आम्हाला लागणार होत्या 44 फ्रेम्स आणि 240 बीम. हिशोब इतका जुळला की मलाही क्षणभर वाटलं, आपण उगाच शंका काढतोय.

बरोबर एक मिस्त्री आणले होते. वीसेक वर्षं रॅक उभे करण्याचं आणि उतरवण्याचं काम केलेले. ते कुणाशी फार बोलत नव्हते. पिशवीतून त्यांनी एक मीटर लांबीची अॅल्युमिनियमची सरळ पट्टी काढली, बारीक मापं घ्यायचं एक व्हर्निअर आणि खडू. वरच्या रंगाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पहिल्या फ्रेमच्या खांबाला पट्टी लावली, मधल्या फटीत व्हर्निअरचं टोक घातलं आणि खडूने आकडा लिहिला: 4. पुढची फ्रेम. 1. पुढची. 9.

या आकड्यांमागचा नियम मला तेव्हा ठाऊक नव्हता. युरोपात वापरातल्या रॅकच्या देखभालीसाठी ईएन 15635 नावाचं मानक आहे. त्यात खांबाचा वाक एक मीटरच्या पट्टीवर मोजतात. एका दिशेला 3 मिमी, दुसऱ्या दिशेला 5, आणि खांबांना जोडणाऱ्या तिरक्या-आडव्या ब्रेसिंगच्या पट्ट्यांना 10 मिमीपर्यंत चालतं. त्याच्या आत असेल तर हिरवं, नुसतं लक्ष ठेवा. मर्यादेच्या दुपटीपर्यंत गेलं तर पिवळं: त्या जागेवरचा माल काढला की दुरुस्ती होईपर्यंत परत भरायचा नाही, आणि चार आठवड्यांत दुरुस्ती झाली नाही तर तेही लालच समजायचं. दुपटीच्या वर गेलं की लाल, लगेच रिकामं करा. हा नियम उभ्या रॅकसाठी आहे, आडव्या पडलेल्या मालाच्या खरेदीसाठी नाही. पण मिस्त्रींचा हिशोब सरळ होता. उभं केल्यावर पहिल्याच दिवशी जे पिवळ्यात जाणार, ते पैसे देऊन घरी का न्यायचं?

दुपारभरात वीस फ्रेम्स बघून झाल्या. सात बाद. दोन फ्रेम्सच्या पायाशी त्यांनी किल्लीने रंग खरवडला तेव्हा खाली गंजाचे पापुद्रे सुटले. रंग गंजावरच मारलेला होता. एका फ्रेमला पायाखालच्या लोखंडी पत्र्यापासून, म्हणजे बेसप्लेटपासून, वीतभर वर एक आडवी रेघ दिसत होती. रंगाखाली ती लपली होती, पण बोट फिरवलं की कळत होती. खालचा चेपलेला तुकडा कापून दुसरा वेल्ड केला होता. "याच्यावर किती उभं राहील?" मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, "राहील की. किती दिवस, ते सांगता येणार नाही." खांबाचा खालचा भाग म्हणजे ज्याच्यावरून सगळं वजन जमिनीत उतरतं तो भाग. फोर्कलिफ्टही नेमकी तिथेच धडकते.

बीमची गोष्ट आणखी बारीक होती. बीमच्या दोन्ही टोकांना हुकासारख्या आकड्यांची पट्टी वेल्ड केलेली असते आणि ते आकडे खांबाच्या खाचांत अडकतात. ढिगातला एक बीम मिस्त्रींनी उभ्या फ्रेमला लावला, छान बसला. दुसरा लावला, तोही बसला, पण वरून दाबल्यावर तो नखभर खाली गेला आणि बाजूला हलायला लागला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे बीम एकाच रंगात रंगवले होते. दोन्हींच्या खाचांचं अंतर 50च, पण आकड्याची जाडी आणि वळण वेगळं. आकडा खाचेत गेला म्हणजे जोड झाला, असं मीही आजवर धरून चालले होते. त्या जोडाचा ताठपणा फक्त बीम धरून ठेवत नाही, अख्खी ओळ लांबीच्या दिशेला सरळ ठेवण्याचं काम बहुतांशी तोच करतो, कारण त्या दिशेला ब्रेसिंग नसतं. चार-पाच बीमच्या वेल्डजवळ केसासारख्या चिरा होत्या. आणि सेफ्टी लॉक, म्हणजे फोर्कलिफ्टने चुकून खालून बीम उचलला तरी तो निसटू नये म्हणून असलेली छोटी पिन, ती तर एकाही बीमला नव्हती. "त्या उतरवताना पडतात," व्यापारी म्हणाला. "खिळा घालतात लोक." मिस्त्रींनी व्यापाऱ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. युरोपातल्या डिझाइनच्या नियमात या पिनेने सुमारे 5 किलोन्यूटनचा, म्हणजे अर्ध्या टनाच्या आसपासचा, वर उचलणारा जोर सोसावा अशी अपेक्षा असते. खिळ्याकडून ती कुणी करत नाही.

तरीही दादा हटला नव्हता. "साठातल्या वाईट सोळा काढल्या तरी 44 उरतात." गणित बरोबर होतं. मग मी व्यापाऱ्याला विचारलं, हे वजन किती घेतात? "दोन टन, बिनधास्त." कशाचे दोन टन? एका बीमच्या जोडीचे की अख्ख्या कप्प्याचे? तो म्हणाला, "मॅडम, आजवर कुणाची तक्रार नाही."

त्या रात्री मी नव्या रॅकचं कोटेशन दिलेल्या इंजिनिअरना फोन केला. त्यांना माझ्याशी जुन्या मालावर बोलायचं काही कारण नव्हतं, पण ते बोलले. त्यांनी मला घरातली प्लास्टिकची फूटपट्टी आणायला लावली. टेबलावर उभी धरा, वरून बोटाने दाबा. वाकली? आता दुसऱ्या हाताने ती मधोमध नुसती धरा आणि पुन्हा दाबा. आता कितीतरी जास्त जोर लागला. पट्टी तीच, प्लास्टिक तेच. रॅकचा खांब असाच असतो, आणि बीम म्हणजे तो धरणारे हात. जमिनीपासून पहिला बीम जितका उंच, तितका खांबाचा सर्वांत खालचा, सर्वांत जास्त वजनाचा तुकडा मोकळा. सडपातळ खांबाच्या बाबतीत साधं सूत्र असं, की मोकळी लांबी दीडपट झाली तर वाकण्याआधी पेलायचं वजन निम्म्याहूनही खाली येतं. खऱ्या रॅकच्या खांबाला जागोजागी खाचा असतात, पत्रा घड्या घालून वळवलेला असतो, म्हणून तो त्या सूत्राप्रमाणे तंतोतंत वागत नाही. कंपन्या त्या खांबाचे तुकडे यंत्रात दाबून, वाकवून, चाचणी घेऊन आकडे काढतात आणि ते आकडे त्यांच्याकडेच असतात.

म्हणजे "हा रॅक दोन टन घेतो" असं वाक्यच नसतं. हा खांब, या जाडीचा, पहिला बीम इतक्या उंचीवर, इतके मजले, तर कप्प्याला एवढं, असंच बोलावं लागतं. जुना माल घेताना लोखंड मिळतं, पण हे वाक्य मिळत नाही. ते उभ्या रॅकच्या टोकाला लावलेल्या लोड बोर्डावर लिहिलेलं असतं आणि रॅक उतरवताना सर्वांत आधी भंगारात जातो तो हाच बोर्ड.

मी आमचं वजन मांडलं. तीन मजले, दर मजल्याला दोन टन, म्हणजे कप्प्याला सहा टन. जमिनीवरची पॅलेटं यात नाहीत, त्यांचं वजन थेट फरशीवर. मधल्या फ्रेमवर दोन्हीकडचे अर्धे-अर्धे कप्पे येतात, म्हणजे तिच्यावर पूर्ण सहा टन, एका खांबावर तीन. टोकाच्या फ्रेमवर त्याच्या निम्मे. दादाला कागद दाखवला. तीन टन एका पायावर हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा गप्प बसला. आमची डिलिव्हरीची गाडी रिकामी असताना त्याहून हलकी आहे.

आणि मापं? तीही जुळत नव्हती, ते तर आम्ही उत्साहात बघितलंच नव्हतं. त्या ढिगातले बीम 2700चे होते आणि फ्रेमची खोली 900. ज्यांनी ते आधी वापरले ते पॅलेटची 1200ची बाजू समोर ठेवत असणार. "मग आपणही फिरवून ठेवू," दादा म्हणाला. कागदावर ते बसतंही. पण आमच्या पॅलेटला खालून तीन लाकडी पट्ट्या आहेत, 1200च्या दिशेने धावणाऱ्या. पॅलेट सरळ ठेवलं तर त्या पट्ट्या पुढच्या बीमवरून मागच्या बीमवर पुलासारख्या टेकतात. फिरवलं तर त्या बीमला समांतर होतात. पुढची आणि मागची पट्टी आपापल्या बीमवर जेमतेम बसते, मधली अधांतरी. ड्रायव्हरने पॅलेट बोटभर आत-बाहेर ठेवलं की एक कड सटकलीच. हे टाळायचं तर प्रत्येक पॅलेटखाली दोन आडवे सपोर्ट बार लागतात. बीमवर 240 पॅलेटं धरली तर 480 बार. शिवाय 2700च्या बीममुळे ओळ लांबते. आमच्या 26 मीटरमध्ये दहाऐवजी नऊच कप्पे बसतात. चार ओळींत चार कप्पे, 32 पॅलेटांची जागा गेली.

मी सगळं जोडून बघितलं. फ्रेम निवडण्याची मजुरी, बार, नव्या पिना, पाय फरशीला जखडणारे नवे अँकर, वाहतूक. 45 वरून आकडा 78वर गेला, तेही वजनाची खात्री नसताना आणि दहा टक्के जागा गमावून. तो माल आम्ही सोडला. दादा दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला.

इथे माझं जिंकणं संपतं, कारण तोवर मी ठरवून टाकलं होतं की जुनं घ्यायचंच नाही, आणि तेही चुकीचंच निघालं. मिस्त्रींचाच फोन आला. एक गोडाऊन रिकामं होतंय, रॅक अजून उभे आहेत, येऊन बघा. उभे हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

उभा रॅक बघणं आणि ढीग बघणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ढिगात नुसते भाग दिसतात. उभ्या रॅकमध्ये दिसतं की तो आजवर कसा वागला. ओळंबा सोडून खांब बघता येतो. रिकाम्या बीमच्या टोकांना दोरी ताणून धरली की मध्ये बाक राहिलाय का ते कळतं. भरलेला बीम थोडा वाकतो, ते चालतं. सर्वसाधारण मर्यादा लांबीच्या दोनशेव्या भागाची, म्हणजे 2300च्या बीमला साडेअकरा मिमी. पण माल काढल्यावर तो परत सरळ व्हायला हवा. रिकामा असताना दोन-अडीच मिमीहून जास्त बाक दिसला तर त्याच्यावर कधीतरी जास्त वजन टाकलंय. धडका कुठे बसतात तेही उभ्यातच समजतं: ओळीच्या टोकाला आणि वळणावर. त्या जागच्या फ्रेम्स आम्ही आधीच सोडून दिल्या.

आणि तिथे बोर्ड होता. धुळीने माखलेला, एक कोपरा फाटलेला, पण होता. कंपनीचं नाव, फ्रेमचा प्रकार, पहिला बीम 1500वर असताना कप्प्याला 8000 किलो. त्या लोकांनी फाइलमधून ड्रॉइंगसुद्धा काढून दिलं. मिस्त्रींनी व्हर्निअरने खाचेच्या काठाशी पत्रा मोजला तर रंगासकट 2.15 भरला. ड्रॉइंगमध्ये 2.0 लिहिलं होतं. पावडर कोटिंगचे दोन्ही बाजूंचे थर वजा केले की जुळतं. ही मोजणी करायलाच हवी, कारण 1.6 आणि 2.0 जाडीचे खांब रंगवल्यावर शेजारी उभे केले तरी डोळ्यांना सारखेच दिसतात.

फ्रेम्सची खोली 1100, आमच्याच मापाची. बीम मात्र पुन्हा 2700चे. त्या गोडाऊनमध्ये अरुंद, 800च्या तोंडाची पॅलेटं तीन-तीन ठेवत असत. मग सुचलं की फ्रेम्स जुन्या घ्याव्यात आणि बीम त्याच कंपनीकडून, त्याच मालिकेतले, नवे 2300चे. कंपनीला लिहिलं. त्यांना आनंद झाला असं म्हणता येणार नाही. एक आठवडा उत्तर नाही, मग फ्रेम्सचे फोटो, पायावरच्या ठशांचे फोटो, मग फरशीची जाडी, काँक्रीटची ग्रेड, जागेचा भूकंप विभाग. शेवटचा प्रश्न मला आगाऊ वाटला होता. तसा तो नाही. भूकंपाचा विचार न करता काढलेल्या फ्रेम्सना बेसप्लेट लहान असते, ब्रेसिंग कमी असतं, आणि त्या दुसऱ्या जागी नेल्या की हिशोब मुळापासून बदलू शकतो. आमच्या बाबतीत निभावलं. हिशोब करून द्यायचे त्यांनी पैसे घेतले, आणि ते मी या सगळ्या व्यवहारातले सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे मानते. उत्तर आलं: पहिला बीम 1650वर, तीन मजले, कप्प्याला 7000 किलो. बोर्डावरच्या आठ टनांतला एक टन केवळ दीडशे मिमीने खाल्ला होता. आम्हाला सहा पुरेसे होते.

एकूण खर्च 66वर आला. पण एक गोष्ट दादाला मी अजूनही अधूनमधून ऐकवते. जुनं लवकर मिळतं म्हणून आपण त्या वाटेला गेलो, आणि पहिला ढीग बघण्यापासून शेवटचा अँकर घट्ट होईपर्यंत बारा आठवडे गेले. नव्याला नऊ लागणार होते. पाच आठवडे आमचा माल नव्या गोडाऊनमध्ये जमिनीवरच पडून होता, अगदी जुन्यासारखाच. भाडं मात्र सात मीटर उंचीचं.

उतरवताना मी स्वतः तिथे थांबले. तसं ठरलं नव्हतं, पण पहिल्याच तासाला एका पोऱ्याने घणाने बीमच्या आकड्यावर खालून घाव घातला तेव्हा मी पर्स कडेला ठेवली आणि दिवसभराची तिथलीच झाले. जुन्या रॅकचं बरंचसं नुकसान वापरात होत नाही, उतरवताना होतं. नंतर मिस्त्रींनी सगळ्यांच्या हातात रबरी हातोडे दिले. प्रत्येक फ्रेमला खडूने क्रमांक घातला, फ्रेम्सच्या मध्ये लाकडी पट्ट्या घालून गठ्ठे बांधले. 52 फ्रेम्स तपासून 46 घेतल्या, दोन जादा. अँकर जुने घ्यायचेच नसतात. ते फरशीतच कापून टाकले आणि आम्ही 176 नवे आणले, प्रत्येक पायाला दोन. सेफ्टी पिना 480, त्याही नव्या.

उभारणीबद्दल सांगण्यासारखं फार नाही, चार दिवसांत झाली. फक्त आमची फरशी एका कोपऱ्यात उतरती निघाली आणि तिथे बेसप्लेटखाली लोखंडी शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, घालावे लागले. दादाने सुरुवातीला पुठ्ठ्याचे तुकडे पुढे केले होते. मिस्त्रींनी ते हसून परत दिले. साडेपाच मीटरच्या फ्रेमला ओळंब्यात पंधरा मिमीच्या आसपासच सूट असते. तेवढी चूक पायाशी तीनेक मिमीच्या फरकानेच होते. नवा लोड बोर्ड कंपनीने पाठवला आणि मी तो दोन्ही टोकांना लावून घेतला, फोर्कलिफ्टवर बसलेल्या माणसाला दिसेल अशा उंचीवर.

आता कुणी विचारलं की जुने घेऊ की नवे, तर मी उलट विचारते: उभे आहेत का, कंपनी कोणती ते कळतंय का, आणि ती कंपनी तुमच्या मांडणीचा आकडा लिहून देणार का? तिन्हींना हो असेल तर मी जुने घेईन, आणि दादापेक्षा जोरात घेईन. एकालाही नाही आलं तर बरेच लोक म्हणतात, मग आम्ही वजन कमी ठेवू, अर्धंच भरू. हे मला पटत नाही. कशाच्या अर्धं? हाताने ठेवायच्या हलक्या खोक्यांसाठी, माणसाच्या उंचीचे कप्पे करायचे असतील तर गोष्ट वेगळी. तिथे मी इतकी चिकित्सा केली नसती, आणि केलीही नाही. ऑफिसमागचे आमचे छोटे कप्पे दादाने कुठून आणलेत ते मी विचारलेलं नाही.

रॅक उभे राहून चौथा महिना होता. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर आमच्याच फोर्कलिफ्टचा मागचा भाग वळताना खांबाला लागला. आवाज मोठा झाला नाही. ड्रायव्हर खाली उतरला, बघितलं आणि मला बोलवायला आला, याचं मी त्याला श्रेय देते. पट्टी लावली. ज्या दिशेला 3 मिमीची मर्यादा, त्याच दिशेला 7. दुपटीच्या वर. दोन्ही बाजूंचे कप्पे तासाभरात रिकामे केले, वरून खाली. त्या दोन जादा फ्रेम्सपैकी एक बसवायची होती, पण तिच्यावर गठ्ठा रचताना बाकीचा माल पडला होता आणि ब्रेसिंग वाकलेलं निघालं, आणि दुसरी आम्ही मधल्या काळात पाचवी ओळ करू या आशेने दारापाशी नेऊन ठेवली होती. तिचा पाय येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी कधीच चेपून टाकला होता. शेवटी कंपनीकडून एक नवी फ्रेम मागवली. नऊ आठवड्यांऐवजी तीन लागले, कारण एकच होती. त्या तीन आठवड्यांत सोळा पॅलेटं रस्त्यात उभी.

जुन्या फ्रेम्स निळ्या आहेत, ही राखाडी आली. तिच्या पायाशी आता 400 मिमी उंचीचं पिवळं गार्ड आहे, आणि बाकीच्या मधल्या खांबांनाही आम्ही ते हळूहळू बसवत चाललो आहोत. मिस्त्रींकडून घेतलेली मीटरची पट्टी फोर्कलिफ्टच्या चार्जरशेजारी खिळ्याला टांगलेली असते. सोमवारी सकाळी ती घेऊन ओळींतून फिरायचं काम दादाने स्वतःकडे घेतलंय.